कुंभारओढ

नदीकाठच्या त्या गावात कुठलंही काम फसलं की त्याला एकच शब्द होता. भाजी करपली, कुंभारओढ. छपराला गळती लागली, कुंभारओढ. ठरलेलं लग्न मोडलं तरी बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "झाली की कुंभारओढ." शब्द मासेमारीचा. मोठं जाळं दमछाक करत काठाला आणावं आणि त्यात चार बोटभर मासे नि मूठभर शेवाळ निघावं, ती कुंभारओढ. यात कुंभाराचा काय संबंध, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं. पूर्वी जाळ्याला वजन म्हणून मातीचे मणी बांधत. ते करणारी कुंभारीण मणी कच्चे भाजायची. दोन-तीन ओढी होईतो मणी पाण्यात विरघळायचे, जाळं हलकं पडायचं आणि शेवटची ओढ फुकट जायची.

ती कुंभारीण म्हणजे जाळेवालीची आजेसासू.

जाळेवाली या घरात नांदायला आली त्याला चौदा वर्षं झाली होती. तेव्हाच घरातलं चाक बंद होतं आणि परसात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पडलेलं होतं. सासऱ्यांनी माती सोडून जाळ्याचा दोर धरला होता आणि आता तो दोर नवऱ्याच्या हातात होता. पाच घरांचं मिळून एक ओढजाळं, त्यातलं पाचवं घर यांचं. जाळेवालीच्या माहेरी जाळी विणायचे. तिची गाठ सुटत नाही, हे गावानं पहिल्याच वर्षी ओळखलं, आणि तेव्हापासून जाळ्याची सगळी दुरुस्ती तिच्याकडे आली. हाताला मान होता. घराला मात्र तो शब्द चिकटलेला होता.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. घाटाला चौदा पायऱ्या. एरवी पाणी अकराव्या पायरीला असायचं, ते शेवटची पायरी सोडून खाली गेलं आणि पुढे दहा पावलं भेगाळलेला चिखल उघडा पडला. नदीचे तुकडे झाले. वाकणावरच्या खडकाखाली एक डोह तेवढा उरला आणि नदीतला सगळा जीव त्या डोहात येऊन दाटला.

"डोहात उतरायचं," दादा म्हणाला.

दादा म्हणजे जाळ्याचा म्होरक्या. अंगानं थोराड, आवाजानं हळू. पाची घरांची माणसं घाटावरच्या सावलीत बसली होती. जाळेवाली जाळं मांडीवर घेऊन बांबूच्या सुईनं फाटलेली भोकं भरत होती.

"पाचव्या दिवशी. जाळेवाली, तळदोराला शिसं दुप्पट लाव."

"दुप्पट?"

"चिखल खरवडून आलं पाहिजे. सात ओढी, आठ ओढी, डोह रिकामा होईपर्यंत. आपण नाही काढले तर ऊन काढणारच आहे."

मग तिचा नवरा बोलला. तो इतकं कमी बोलायचा की गावानं त्याचं नाव अबोल ठेवलं होतं.

"तळाशी शिंगाडे मासे आहेत," तो म्हणाला. "गाभोळीनं, अंड्यांनी भरलेले. ते काढले तर पुढे नदीत काय राहील?"

"बोलला," नावाडी म्हणाला. होडी चालवायचं काम त्याचं आणि तोंड चालवायचंही. "अबोल बोलला. आता आभाळ फुटतंय बघा. पण बोलून बोलला काय, तर कुंभारओढ करा म्हणतोय."

"रक्तातच आहे ते," दुसरा कुणी म्हणाला, आणि हसू पसरलं.

दादा हसला नाही. "गाभोळीचं पुढच्या वर्षी बघू. माझ्या घरातली नऊ तोंडं याच वर्षी खाणार आहेत. ज्याला पटत नाही त्यानं दोर सोडावा. बळजबरी नाही."

दोर सोडणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा सोडलेला दोर परत हातात येत नाही. गावात तीन घरं त्या जागेवर डोळा ठेवून होती. अबोलनं आपल्या तळहातांकडे पाहिलं आणि ते मांडीवर पालथे ठेवले.

घरी येताना तो इतकंच म्हणाला, "लाव शिसं."

"लावते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जादा दोर हवा होता. दुप्पट शिसं पेलायला जुना तळदोर पुरणार नव्हता. ती माळ्यावर चढली. मोडक्या टोपल्यांमागे, उंदरांनी कुरतडलेल्या गोणपाटात एक वेटोळं होतं. जुन्या वाकाचा दोर, अंगठ्याएवढा जाड, वरून डांबर लावलेला. तिनं तो खाली अंगणात आणून उलगडला. दोराला मातीचे मणी होते, लाल, सुपारीएवढे, प्रत्येक मणी वेगळ्या फासात अडकवलेला.

पण मणी सगळीकडे नव्हते. एका टोकाकडून वीस मणी शाबूत. मग साठ फास रिकामे. मग पुन्हा दुसऱ्या टोकापर्यंत वीस शाबूत.

ती दोराशेजारी उकिडवी बसली. मणी फुटून पडला असता तर फासात कपच्या राहिल्या असत्या. फास उसवला असता तर गाठ सैल दिसली असती. इथे गाठी घट्ट होत्या आणि आत नखानं खरवडली तर मातीची पातळ साय निघत होती. मणी विरघळून गेले होते. आणि गेले ते मधलेच. टोकाचा एकही नाही. विसावा शाबूत, एकविसावा गेलेला, दोन्हीकडे तस्संच. चुकून झालेली गोष्ट इतकी मोजून होत नाही.

"आत्याबाई," तिनं हाक मारली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. म्हातारी उंबऱ्यात सुपात धान्य घेऊन बोटांनीच खडे काढत होती. डोळे अधू झाले होते, पण बोटांना अजून दिसत होतं. "थोरल्या सासूबाईंची भट्टी एक होती की दोन?"

"एकच. का ग?"

"मग काही पक्के आणि काही कच्चे कसे?"

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. तिनं हात पुढे केला, सुनेनं दोर तिच्या हातात दिला. म्हातारीची बोटं मण्यांवरून चालत गेली, विसाव्याशी थांबली, रिकाम्या फासांवरून सावकाश पुढे सरकली.

"टोकाचे विस्तवात घालायचो," ती म्हणाली. "मधले नाही. मधले लांब, गरम राखेत पुरायचे. थोरली सांगायची, इथं नाही, इथं. वीतभर पुढेमागे झालं तरी हातावर चापट मारायची."

"का, ते नाही विचारलंत?"

"सोळा वर्षांची पोर मी. सासूला का म्हणून विचारायची सोय होती?" म्हातारी जरा थांबली. "मला वाटायचं, हिचा हात आता थकला, मधल्यांना सरपण पुरवत नाही. गाव हसतं ते बरोबरच. म्हणून एकदा ती माहेरी गेली तेव्हा मी सगळे मणी विस्तवात घातले. खणखणीत भाजले. वाटलं, आता बोलतील म्हणावं कुणी काय बोलायचं ते. ती आली. एक मणी उचलला, जिभेला लावला. मग पाटा घेऊन बसली आणि साठच्या साठ फोडले. एक शब्द बोलली नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. मला वाटलं, माझ्यावर राग काढला."

जाळेवालीनं एकदम विचारलं, "पाण्यात ते तीन ओढी टिकायचे का?"

"तीन टिकायचे. चौथीला जाळं उचललं जायचं, तळापासून हातभर वर. मग ओढणार काय? घरी यायचे सगळे." म्हातारीची बोटं दोरावर थबकली. "चौथी ओढ तशीही आमचीच असायची."

"म्हणजे?"

"मण्यांचा मोबदला. पहिल्या तीन ओढी जाळ्यातल्या घरांच्या, चौथी कुंभारणीची. तिच्यात जे निघेल ते आमच्या पाटीत. म्हणून तर कुंभारओढ. पाच-सात बारके मासे. थोरली तेच शिजवायची आणि म्हणायची, बास झाले."

एक कोंबडी येऊन सुपातले दाणे टिपू लागली तरी कुणी हाकललं नाही.

"स्वतःचीच ओढ रिकामी जाईल असे मणी कोण करतं, आत्याबाई?" जाळेवाली म्हणाली.

म्हातारीनं पदरानं डोळे नाही, हात पुसले आणि म्हणाली, "वाकणाखालची माती आण. पांढुरकी असते ती. काळी आणू नको."

दुपारभर दोघींनी माती चाळली, भिजवली, मळली. म्हातारी मणी वळायची आणि सून प्रत्येकाला काडीनं भोक पाडायची. उन्हात पत्र्यावर ते दोन तासांत वाळले. पहिली खेप राखेत किती लांब पुरायची ते म्हातारीनं अंदाजानं सांगितलं. थंड झाल्यावर जाळेवालीनं एक मणी दोराला बांधला, पाण्याच्या बादलीत सोडला आणि जाळं ओढल्यासारखा फिरवत राहिली. एक ओढ म्हणजे साधारण तासभर. तासाला तिनं भिंतीवर कोळशाची एक रेघ मारायची ठरवलं. पहिली रेघ मारायच्या आतच बादलीत गढूळ पाणी आणि रिकामा फास उरला.

"लांब पडले," म्हातारी म्हणाली. "चार बोटं जवळ घे."

दुसरी खेप उजाडताच भाजली. ते मणी पाच रेघा झाल्या तरी दगडासारखे राहिले.

"आता फार जवळ. जीभ लावून बघ. काय होतं?"

"काही नाही. गुळगुळीत."

"मधला मणी जिभेला धरतो. ओढून काढावा लागतो. पण काढल्यावर जिभेवर कणी राहता कामा नये. कणी राहिली तर कच्चा. धरलंच नाही तर पक्का. दोहोंच्या मधला तो मधला." म्हातारी हसली. "बघ, मला वाटायचं मी सगळं विसरले."

तिसऱ्या खेपेचा मणी जिभेला धरला. पहिल्या रेघेला तो जसाच्या तसा होता. दुसरीला त्याला शेवाळासारखा बुळबुळीतपणा आला. तिसरीला बोरावरून वाटाण्यावर आला, पण फासात होता. मग बघता बघता त्याला बारीक तडे गेले आणि चौथी रेघ अर्धी व्हायच्या आत तो धुरासारखा पाण्यात पसरला. अबोल दारात उभा राहून बघत होता. त्याला सगळं सांगून झालं होतं. तो आत आला, बादलीशी वाकला आणि त्या गढूळ पाण्यात बोट फिरवलं.

"हुशार होती आजी," तो म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषण होतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला नवराबायको दादाच्या ओसरीवर गेली. दादा वल्ह्याला पत्रा ठोकत होता. नावाडी खिळे देत होता.

"बांधून झालं शिसं?"

"नाही, दादा. टोकांना शिसं ठेवते. मधे मातीचे मणी लावीन म्हणते."

"कच्चे की पक्के?" नावाडी म्हणाला.

"कच्चे," ती म्हणाली.

दादानं हातोडी खाली ठेवली.

"तीन ओढी जाळं तळ धरील, शिशासारखंच," ती म्हणाली. "चौथीला उचललं जाईल. मग थांबायचं."

"आणि आम्ही हे का ऐकायचं?"

"तिन्ही ओढींचे चारच वाटे करा. आमचा काढू नका. आमची चौथी ओढ. तिच्यात निघेल ते."

दादानं अबोलकडे पाहिलं. "तुझी बायको काय म्हणतेय ऐकलंस?"

"घरून ऐकून आलोय."

"चौथीत काही निघत नाही."

"माहीत आहे."

"घरात म्हातारी आहे तुझ्या. तिला काय घालशील?"

"म्हातारीनंच माती मळलीय."

दादा बराच वेळ वल्ह्याची धार अंगठ्यानं चाचपत राहिला. मग म्हणाला, "आणि तिसरीच्या आधीच विरघळले तर?"

जाळेवालीनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. हे उत्तर दोघांचं ठरलं नव्हतं. "तर शिसं लावून हवं तितकं ओढा. आणि आम्ही दोर सोडला असं समजा."

अबोलनं एकदा खाकरल्यासारखं केलं. मग दादाकडे बघून मान डोलावली. "ठीक," दादा म्हणाला.

चौथा दिवस साठ मणी भाजण्यात आणि बांधण्यात गेला. प्रत्येक मणी दोघींच्या जिभेवरून गेला. संध्याकाळी जेवताना दोघींना चव कळत नव्हती.

पाचव्या दिवशी ऊन कोवळं होतं तेव्हाच जाळं डोहात पडलं. नावाड्यानं होडीतून वळसा घालत ते सोडलं, दोन्ही टोकांना माणसांनी दोर धरले, आणि दादा छातीएवढ्या पाण्यात मधोमध उभा राहिला. म्होरक्याचं काम तेच. तळदोर पुढे सरकत असतो, त्याच्या मागोमाग चालत पायानं तो दाबून धरायचा, म्हणजे खालून काही निसटत नाही.

पहिली ओढ जड आली. वाळूवर जाळं उघडलं तेव्हा शिंगाड्यांची काळ्या पाठी नि पिवळी पोटं एकमेकांवर घसरत होती. मिशा थरथरत होत्या. एका मादीचं पोट दगडाला घासून फाटलं आणि मोहरीसारखी गाभोळी वाळूवर सांडली. अबोलनं ती पायानं पाण्याकडे लोटली. काही उपयोग नव्हता, तरी लोटली.

प्रत्येक ओढीनंतर तळदोर जाळेवालीच्या हातांतून जायचा. पहिलीनंतर मणी जसेच्या तसे. दुसरीनंतर बुळबुळीत. तिनं साठही चाचपले. बेचाळिसाव्याला एक तडा होता. बादलीत खडक नसतो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. खडकावर घासून मणी बादलीतल्यापेक्षा लवकर झिजत होते.

"चालू?" होडीतून नावाड्यानं विचारलं.

"चालू," ती म्हणाली.

तिसऱ्या ओढीला ती उभीच राहिली. दोर ओढणाऱ्यांच्या पाठींवरून घाम वाहत होता. टाचा वाळूत रुतत होत्या. नवऱ्याच्या मानेची शीर तिला इथून दिसत होती. "दादा, तळ?" काठावरून हाक गेली. दर थोड्या वेळानं ती हाक जायची. दादानं पाण्यात पाय फिरवला. 

"तळ आहे," दादा म्हणाला.

तिसरी ओढ पहिलीसारखीच भरून आली. चार घरांच्या पाट्या काठोकाठ झाल्या. मणी आता वाटाण्याएवढे होते. तिनं जाळं परत होडीत चढवलं आणि म्हणाली, "ही आमची."

चौथी ओढ निम्म्यावर आली तेव्हा डोहाच्या पाण्यात पांढुरक्या रेघा उठल्या. एक, मग चार, मग मोजता येईनात. दोर ओढणाऱ्यांना भार कमी झाल्याचं हातांना कळलं आणि ते एकमेकांकडे पाहू लागले.

"दादा, तळ?"

दादा चालायचा थांबला होता आणि मान खाली घालून पाण्यात बघत होता. गढूळ पाण्यात दिसण्यासारखं काही नव्हतं. मग त्यानं दोन्ही हात पाण्याबाहेर काढून वर धरले, अरुंद बोळात समोरून बायामाणसं आली की पुरुष अंग चोरून उभा राहतो तसे.

"दादा? तळ?"

तो तसाच उभा राहिला. जाळं त्याच्या गुडघ्यांपासून सुटून पुढे गेलं तरी हलला नाही.

जाळ्यात सात मासे निघाले. वरवर पोहणारे, चांदीच्या पात्यांसारखे. आणि एक खेकडा.

"झाली की..." नावाडी म्हणू लागला.

"त्यांची ओढ आहे," दादा पाण्यातून बाहेर येत म्हणाला. "त्यांच्या पाटीत घाल."

"म्हटलं, शिसं लावून आणखी दोन..."

"जाळं गुंडाळ. मणी संपले."

त्या संध्याकाळी तिघांनी सात मासे खाल्ले. म्हातारीनं काटे चोखून ताटलीच्या कडेला ओळीनं मांडले आणि म्हणाली, "बास झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारात आला. हातात काही नव्हतं, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. जाळेवालीनं पाट दिला. तो बसला नाही.

"पायाला लागून गेले," तो तिला म्हणाला. "जाळ्याखालून. एकामागून एक. एक तर माझ्या मांडीएवढा असेल. तीन ओढी काढूनही इतके खाली असतील, असं मला..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि म्हातारीकडे वळला. "काकी, मधल्यांना माती कुठली लागते?"

"माती वाकणाखाली सापडेल," आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाली. "जीभ काढ."

"काय?"

"जीभ काढ म्हणते."

पाच घरांच्या जाळ्याचा म्होरक्या त्यांच्या अंगणात जीभ काढून उभा राहिला. म्हातारीनं काल उरलेल्या मण्यांतला एक चाचपून उचलला, हात वर करून त्याचा चेहरा शोधला आणि मणी त्याच्या जिभेवर ठेवून बोट काढून घेतलं.

"धरला?"

दादानं मान हलवली. बोलता येत नव्हतं.

"आता ओढून काढ. कणी राहिली?"

त्यानं मणी काढला, जीभ टाळूला लावून पाहिली, विचार केला, आणि नाही म्हणून मान हलवली.

"हा मधला," म्हातारी म्हणाली, आणि पुढचा मणी उचलला.